माडीवरचे विमान आणि सत्याचा प्रश्न

साताऱ्यातल्या आमच्या घराच्या माडीवर एका विमानाचा पुढचा भाग उभा आहे. प्लायवूडचा सांगाडा, भंगारातून आणलेली मोटारीची सीट, हातात सुकाणूचा योक, पायाशी रडरची पेडल, समोर अर्धवर्तुळात तीन पडदे. सेसना १७२ या चार आसनी विमानाची मापे घेऊन हे कॉकपिट मी बांधले. माझा भाचा व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी शिकतो आहे. खऱ्या विमानातला एकेक तास हजारो रुपये खातो आणि परवान्यासाठी असे २०० तास भरावे लागतात. माडीवरचा एकही तास त्या हिशेबात धरला जात नाही, कारण घरच्या यंत्राला सरकारी मान्यता नसते. तरीही सुट्टीत आला की "आत्या, वर जातो गं" म्हणत तो जिना चढतो आणि जेवायला हाक मारेपर्यंत खाली येत नाही.

मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असे. निवृत्तीनंतर आमचे एक वाचनमंडळ जमले. शनिवारी संध्याकाळी आम्ही ब्रह्मसूत्रांवरचे शांकरभाष्य वाचतो. कॉकपिटसाठी एकेक वस्तू निवडण्याचे दिवस आणि भाष्याचा दुसरा अध्याय चालू असण्याचे दिवस नेमके एकच होते. मंडळातल्या एका ज्येष्ठांनी मला सरळ विचारले, "ताई, जग मिथ्या आहे हे समजून घ्यायला आपण इथे बसतो. मग घरात आणखी एक मिथ्या जग उभे करायला एवढे पैसे का घालता?" प्रश्न मनापासून विचारला होता आणि टाळण्यासारखा नव्हता. प्रोसेसर कोणता, पडदे किती, पेडल कुठली, हे ठरवताना तो पावलोपावली आडवा आला, आणि शेवटी माझी निवड त्यानेच केली. खोट्यातून खरे निपजते का? निपजत असेल तर कोणत्या खोट्यातून?

दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात चौदाव्या सूत्रावर लिहिताना शंकराचार्य हाच आक्षेप स्वतः उभा करतात. सगळा व्यवहार मिथ्या असेल तर वेदान्तवाक्येही मिथ्याच ठरतात. मग त्यांतून ब्रह्माचे खरे ज्ञान कसे होणार? दोरीवर भासलेला साप चावून कोणी मरत नाही आणि मृगजळाने कोणाची तहान भागत नाही. आचार्यांचे उत्तर दाखल्यांनी भरलेले आहे. अंगात विष गेले अशा नुसत्या शंकेने माणूस दगावलेला दिसतो. स्वप्नातला सर्पदंश खोटा, पण तो आपण अनुभवला हे ज्ञान जागे झाल्यावरही खोटे ठरत नाही. तिसरा दाखला मला सर्वांत जवळचा वाटतो. कागदावरच्या रेघा म्हणजे अक्षरे नव्हेत, अक्षर हा ध्वनी आहे. तरी त्या खोट्या अक्षरांवरून खऱ्या अक्षरांचा बोध होतो. उभे आयुष्य फळ्यावर सर्किटे काढून शिकवण्यात गेले असल्याने मला हे लगेच पटले. फळ्यावरच्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार साठत नाही, पण तो बघून शिकलेली मुले आज कारखान्यांतली खरी यंत्रे दुरुस्त करतात.

या दाखल्यात एक अट दडलेली आहे. रेघ ठरलेल्या वळणानेच काढावी लागते. हवी तशी ओढली तर ती कोणत्याच ध्वनीकडे नेत नाही, किंवा भलत्याच ध्वनीकडे नेते. म्हणजे खोट्याने खरे शिकवायचे असेल तर त्याने आपला नियम पाळला पाहिजे. एवढा निकष हाती आला आणि मी दुकानांच्या याद्या पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतल्या.

त्याआधी सिम्युलेटर या यंत्राचा जन्म कसा झाला ते सांगते, कारण माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे. एडविन लिंक हा अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावचा. त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते, झडपा आणि हवेचे पंप वापरून १९२९च्या सुमारास त्याने जमिनीवरच कलणारे आणि वळणारे एक बुटके विमान तयार केले. सुरुवातीला ते घेतले मुख्यतः करमणुकीच्या बागांनी. १९३४मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचे काम येऊन पडले. हिवाळी ढगांत आणि रात्रीच्या अंधारात उडण्याचा त्यांना सराव नव्हता. काही आठवड्यांत एकामागून एक वैमानिक मेले. मग लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली, आणि दुसरे महायुद्ध संपेपर्यंत लाखो वैमानिक त्या पेटीत बसून शिकून बाहेर पडले.

ते टपालवाले वैमानिक का मेले? ढगात शिरल्यावर क्षितिज दिसत नाही. वळण संथ आणि एकसारखे असेल तर कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नलिकांतला द्रव थोड्या वेळाने स्थिरावतो आणि शरीर सांगते, आपण सरळ चाललो आहोत. वैमानिकाने विमान खरोखर सरळ केले की तेच शरीर ओरडते, आपण उलट्या बाजूला कललो. जो शरीराचे ऐकतो तो विमान पुन्हा वळणात घालतो आणि गिरक्या घेत खाली जातो. वेग एकदम वाढला की नाक वर उचलले गेल्यासारखे वाटते, कारण पुढे ढकलले जाणे आणि मागे कलणे यांतला फरक कानाला कळत नाही. हे भ्रम अनुभवी माणसालाही होतात. त्यांवर उपाय एकच: समोरच्या तबकड्यांवर विश्वास ठेवणे आणि शरीराची साक्ष बाजूला सारणे.

मंडळातल्या त्या ज्येष्ठांना मी हे सांगितले. आकाश खरे आणि पेटी खोटी अशी वाटणी आपण डोळे मिटून करतो. पण खऱ्या आकाशात, खऱ्या विमानात, जिवंत माणसाचे इंद्रिय धडधडीत खोटे सांगते. आणि बंद पेटीत कमावलेली नजर त्या खोट्याचा बाध करते. पुढच्या ज्ञानाने जे खोडले जाते ते भ्रम, ही आपल्या शास्त्राची कसोटी. ती ढगातल्या वैमानिकाला जशी लागू पडते तशी माडीवरच्या माणसालाही. यातूनच माझा पहिला निर्णय झाला. सीट हलवणारे यंत्र घ्यायचे नाही. मोठ्या कंपन्यांच्या सिम्युलेटरमध्ये सहा पायांवर तोललेले व्यासपीठ असते. ते कानाचा तोच दोष वापरून, माणसाला हळूच मागे कलवून, वेग वाढल्याची जाणीव देते आणि त्यामागे फार बारीक हिशेब असतो. घरी परवडणारी यंत्रे बहुधा सीट थरथरवतात. थरथरीने उत्साह वाढतो. उपकरणांवर नजर ठेवून उडायला शिकणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही.

आता संगणकाकडे वळू. सिम्युलेटर म्हणजे सुंदर चित्रे, असे बघणाऱ्याला वाटते आणि तो आधी ग्राफिक्स कार्डाचा भाव विचारतो. पण चित्राच्या आधी हिशेब असतो. भाचा जास्त करून एक्स-प्लेन १२ वापरतो. त्यात पंखांचे आणि शेपटीचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावर हवेचा किती जोर पडतो ते प्रत्येक क्षणी नव्याने मोजले जाते. या कामाचा मोठा भार प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर पडतो. बाकीचे गाभे बऱ्याच अंशी मोकळे राहतात. म्हणून सोळा गाभ्यांपेक्षा आठ चपळ गाभे बरे, आणि त्या गाभ्यांच्या अगदी जवळ मोठी स्मृती असेल तर फारच उत्तम. मी रायझन ७ ७८००एक्स३डी घेतला तो यासाठी. त्याच्यात आठ गाभे आणि ९६ मेगाबाइटची तिसऱ्या पातळीची कॅश आहे. त्याच पिढीतल्या साध्या आठ गाभ्यांच्या प्रोसेसरला ती ३२ असते. वारंवार लागणारी माहिती जवळच असल्याने प्रोसेसरला रॅमपर्यंत फारशा खेपा घालाव्या लागत नाहीत.

यात तत्त्वज्ञान कुठे आले? ते काळाच्या प्रश्नात आले. संगणक कमी पडला आणि सेकंदाला २०पेक्षा कमी चित्रे निघू लागली, तर एक्स-प्लेन आपला हिशेब बिघडू नये म्हणून आतला काळच संथ करते. आतला एक मिनिट भिंतीवरच्या घड्याळात मिनिटापेक्षा लांबतो. डोळ्यांना हे सहसा कळत नाही. पण भाच्याच्या मांडीवर स्टॉपवॉच असते. उपकरणांवर उडताना ठरीव वळण सेकंदाला तीन अंशांचे, म्हणजे पुरा फेरा दोन मिनिटांचा. विमानतळाजवळ वाट बघत घिरट्या घालायच्या तर सरळ बाजू एका मिनिटाची. आतला काळ लांबला तर त्याचे बरोबर वळण चूक ठरेल, आणि पुढे चुकीचे वळण बरोबर वाटू लागेल. डोंगर थोडे धूसर दिसले तर चालते. ज्या खोट्यात काळ वाकतो त्यातून शिस्त शिकता येत नाही. म्हणून मी सरासरी वेगाच्या जाहिराती वाचणे सोडले आणि सगळ्यांत वाईट क्षणी यंत्र काय करते ते विचारू लागले. तो क्षण हमखास विमानतळाजवळ येतो. इमारती, दिवे, इतर विमाने, सगळे एकदम मोजावे लागते, आणि नेमके तेव्हाच चाके टेकवायची असतात. सेकंदाला ३० चित्रांवर मी यंत्र बांधून टाकले आहे. दर चित्राला ३३ मिलिसेकंद, ढगात आणि धावपट्टीवर सारखेच. रॅम ३२ गिगाबाइट घेतली.

ग्राफिक्स कार्ड घेताना एक मोह समोर आला, आणि या सगळ्या विचारात मला सर्वांत जास्त शिकवले ते त्याने. आजची कार्डे दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये स्वतः एक चित्र रचून घालतात. सेकंदाला ४० चित्रांच्या जागी ७०-८० दिसतात आणि डोळा सुखावतो. पण मधले चित्र रचायला पुढचे खरे चित्र आधी तयार असावे लागते. ते थोडे रोखून धरावे लागते. त्यामुळे हाताने योक ओढला आणि डोळ्यांना परिणाम दिसला यांतले अंतर कमी होत नाही, उलट किंचित वाढते. शिवाय त्या मधल्या चित्राला विमानाचा हिशेब माहीतच नसतो. पंखावरचा जोर, वारा, वैमानिकाचा हात, कशाशीही त्याचा संबंध नाही. आपली अद्वैत परंपरा सत्तेच्या पातळ्या सांगते: दोरीवरचा साप प्रातिभासिक, रोजचा व्यवहार व्यावहारिक, ब्रह्म पारमार्थिक. माडीवरच्या छोट्या जगातही अशी उतरंड आहे. हिशेबातून आलेले चित्र हा तिथला व्यवहार. दोन चित्रांतून रचलेले तिसरे हा तिथला भास. पहिले तुमच्या कृतीला उत्तर देते, दुसरे तुमच्या डोळ्याला खूश करते. मी आरटीएक्स ४०७० घेतले, १२ गिगाबाइटचे, आणि ती सोय बंद ठेवली. नुसते फिरायला, देश बघायला बसणाऱ्याने ती जरूर चालू ठेवावी. शिकणाऱ्याच्या घरी ती नको.

पडद्यांचा निर्णयही याच वाटेने गेला. एक मोठा फोर-के पडदा घ्यावा की साधे तीन? फोर-केमध्ये सुमारे ८३ लाख ठिपके रंगवावे लागतात. साध्या फुल एचडीच्या तीन पडद्यांत मिळून सुमारे ६२ लाख. तीन पडदे कार्डावर कमी भार टाकतात आणि बाजूचे जग दाखवतात. विमान टेकवताना वैमानिक समोर दूर बघतो, पण आपण किती वेगाने खाली जातो आहोत हे त्याला डोळ्याच्या कडेने कळते. कड नसलेली नजर समोरचा दगडही स्वच्छ दाखवेल, पण जमीन कधी येते ते सांगणार नाही. म्हणून २७ इंची तीन घेतले. त्यांची रुंदी जवळजवळ ६० सेंटीमीटर, आणि सीटही अशी ठोकली की डोळा पडद्यापासून ६० सेंटीमीटरवर राहतो. त्रिकोणमितीने एका पडद्याला ५३ अंश मिळतात, तिघांना १५९. सिम्युलेटरमध्ये हाच कोन भरावा लागतो. जास्त भरला तर अधिक दिसते, पण धावपट्टी आहे त्यापेक्षा लहान आणि लांब भासते, आणि शिकणाऱ्याचा उंचीचा अंदाज मुळातच बिघडतो. जास्त दिसावे म्हणून कोन फुगवण्यापेक्षा कमी दिसलेले बरोबर दिसावे, हा माझा आग्रह आहे.

डोळ्यांवर चढवायचा हेडसेट भाच्याला हवा होता. खोलीचा भास त्यात फार सुंदर होतो, मान वळवली की पंख दिसतो. मी त्याला योगवासिष्ठातल्या लवण राजाची गोष्ट सांगितली. दरबारात आलेला जादूगार मोरपिसांचा कुंचा फिरवतो, एक घोडा समोर येतो आणि राजा त्याच्याकडे बघत सिंहासनावर निश्चल बसून राहतो. दरबाराच्या हिशेबाने दोन मुहूर्त जातात. राजाने मात्र तेवढ्यात रानातल्या एका दरिद्री वस्तीत संसार केलेला असतो, मुले वाढवलेली असतात, दुष्काळ सोसलेला असतो. जागा होतो तो खरे दुःख घेऊनच. या गोष्टीत मला भिववते ते भासाचे बळ नाही. आपण सिंहासनावर बसलो आहोत याचे भान राजाला मधे एकदाही येत नाही, ते भिववते. हेडसेटमध्ये सहसा स्वतःचे हात दिसत नाहीत, आणि आमच्या कॉकपिटचा जीव तर हात कुठे जातो यातच आहे. भाच्याने ऐकले, थोडा हिरमुसला, पण मानले.

हातांसाठी मी सर्वांत जास्त वेळ दिला. स्वस्त योकमध्ये हालचाल मोजायला पोटेन्शिओमीटर असतो: कार्बनच्या पट्टीवर घासत फिरणारा संपर्क. धूळ बसली, पट्टी झिजली, की आकडा उड्या मारू लागतो आणि हात स्थिर असताना विमान दचकते. हॉल सेन्सर चुंबकीय क्षेत्र मोजतो. त्याच्यात घासण्यासारखे काही नाही. जिथे हात आणि हिशेब यांची गाठ पडते तिथे पैसा वाचवू नये, असे माझे ठाम मत आहे. योक आणि पेडल दोन्ही मी हॉल सेन्सरची घेतली आणि त्यासाठी संगणकाची शोभेची काचेची पेटी सोडली.

बटणांचा फलक घरीच केला. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून टॉगल स्विच, रोटरी एन्कोडर आणि वायरी आणल्या. आर्डुइनो मेगा या सर्किट-बोर्डाच्या ५४ डिजिटल पिनांवर त्या जोडल्या. मोबीफ्लाइट या मुक्त सॉफ्टवेअरने सिम्युलेटरशी सांगड घातली. प्रत्येक स्विचची जागा भाच्याने फ्लाइंग स्कूलच्या विमानात टेप लावून मोजून आणली होती. इंधनाची कळ, फ्लॅपचा दांडा, मॅग्नेटोची किल्ली जिथल्या तिथे. वैमानिकांना शिकवणारे लोक निगेटिव्ह ट्रेनिंग म्हणतात ते असे: खोट्या यंत्रात हाताला चुकीची जागा सवयीची झाली तर खऱ्या संकटात हात तिकडेच जातो. आचार्यांच्या दाखल्याची ही उलटी बाजू आहे. खोट्यातून खरे निपजते तसे चुकीच्या खोट्यातून खरे अरिष्टही निपजते. म्हणून दोन सेंटीमीटरसाठी सुताराकडून फलक पुन्हा कापून घेणे मला चैन वाटत नाही.

वीज हा आमच्याकडचा वेगळा विषय. पावसाळ्यात दाब खालीवर होतो. ७५० वॉटचा चांगला वीजपुरवठा, चोख अर्थिंग आणि यूपीएस यांशिवाय बाकी सगळे व्यर्थ आहे. यूएसबीसाठी स्वतःची वीज असलेला हब घ्यावा आणि विंडोजमधली यूएसबीची वीज वाचवण्याची सोय बंद करावी, नाही तर ऐन उतरताना पेडल झोपी जातात.

इतके करूनही काही गोष्टी खोट्या राहतातच, आणि त्या मी लपवत नाही. खऱ्या सेसनात योकला लागणारा जोर वेगाबरोबर बदलतो. ट्रिमचे चाक फिरवून हातावरचा भार शून्य केला की योक आहे तिथेच राहतो. आमच्या योकमध्ये स्प्रिंग आहे. ती वेग ओळखत नाही आणि ट्रिम केल्यावर योक मध्यावर सोडावा लागतो. खरा जोर देणारे योक मिळतात, पण त्यांची किंमत आमच्या आवाक्यापलीकडची. म्हणून फलकाच्या वर एक कागद लावला आहे. त्यावर इथे काय काय खोटे आहे ते लिहिले आहे: स्प्रिंग, अंगाला न जाणवणारा वारा, विमान पडू लागण्याआधीची सीटखालची थरथर, आणि भीती. सुरू करण्याआधी भाचा तो मोठ्याने वाचतो. दोरी ही दोरी आहे हे ज्याला माहीत आहे त्याने तिच्या वेटोळ्यांचा अभ्यास खुशाल करावा.

त्या यादीतला शेवटचा शब्द सर्वांत जड आहे. इथे मरण नाही. विमान डोंगरावर आदळले की पडदा थांबतो आणि एका बटणावर सगळे पुन्हा पहिल्यासारखे होते. कोणतेही हार्डवेअर ही उणीव भरून काढत नाही, आणि भरून काढू नये. पण परिणामाशिवाय कर्म पोकळ होते. म्हणून घरात दोन नियम केले. उतरताना मधेच थांबवायचे नाही. जमत नसेल तर खऱ्यासारखे पुन्हा वर जायचे आणि फेरा घेऊन यायचे. आणि अपघात झाला तर यंत्र त्या दिवसापुरते बंद. या नियमांना पैसा पडला नाही, पण माडीवरच्या खोट्याला खऱ्याचे वजन त्यांनीच दिले.

वस्तूंच्या मोहाबद्दलही बोलले पाहिजे. माझा प्रोसेसर एप्रिल २०२३मध्ये बाजारात आला. त्याचा पुढचा भाऊ नोव्हेंबर २०२४मध्ये. विंडोज ११च्या २४एच२ या आवृत्तीत विंडोज मिक्स्ड रिअॅलिटी काढून टाकली गेली, आणि तिच्यावर चालणारे हेडसेट धडधाकट असूनही त्या आवृत्तीवर निरुपयोगी झाले. नित्य काय आणि अनित्य काय याचा विवेक वेदान्ताच्या साधनांत पहिला मोजतात. बाजारातही तो पहिला हवा. आपल्याला उघडता येते, झाळता येते, ज्याचे सॉफ्टवेअर कोणा एकाच्या मर्जीवर अवलंबून नाही, अशी वस्तू जास्त दिवस टिकते. आर्डुइनोचा फलक मी स्क्रूड्रायव्हर आणि सोल्डरिंग आयर्नने आणखी कितीतरी वर्षे चालवेन.

एवढे सगळे आचार्यांच्या आधाराने झाले. पण मी ज्ञानदेवांच्या भूमीतली आहे आणि त्यांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणात त्यांनी अज्ञानाचेच खंडन केले. दृश्य हे अज्ञानातून उपजलेले काहीतरी हलके आहे असे ते मानत नाहीत. द्रष्टा स्वतःच दृश्य होऊन विलास करतो, असे ते सांगतात. कधी भाचा मला शेजारी बसवून साताऱ्यावरून नेतो. अजिंक्यताऱ्याचा डोंगर ओळखू येतो, पलीकडे कोयनेचे पाणी दिसते. आमच्या गल्लीतली घरे मात्र संगणकाने अंदाजाने मांडलेली असतात. तेव्हा मला होणारा आनंद खोटा आहे असे मी मानत नाही, आणि त्याची लाजही बाळगत नाही. निवड करताना शंकराचार्यांची काटेकोर नजर हवी. एकदा निवडून झाल्यावर ज्ञानदेवांचे मोकळे मन हवे. दोघांत कोण बरोबर हे ठरवण्याचा माझा अधिकार नाही. माडीवरच्या कामात मला दोघेही लागले.

त्या ज्येष्ठांना मी शेवटी दिलेले उत्तर असे. खोटे असणे हा दोष नाही. नकाशा खोटा, फळ्यावरचे सर्किट खोटे, लिहिलेले अक्षरही खोटे. आपल्या चुकीला मान डोलावणारे खोटे मात्र घरात आणू नये. घरी कॉकपिट बांधू बघणाऱ्यांना माझी विनंती आहे की दुकानात जाण्याआधी आपल्याला काय शिकायचे आहे ते एका कागदावर लिहा. मग हात आणि पाय जिथे लागतात तिथे आधी खर्च करा, काळ वाकणार नाही असा प्रोसेसर घ्या, कोन मोजून पडदे लावा, आणि चित्राची शोभा सर्वांत शेवटी बघा. जी वस्तू तुमची चूक तुम्हाला दाखवते ती घ्या. जी ती झाकते ती कितीही देखणी असली तरी दुकानातच राहू द्या.